प्रश्न पाचवा, गुण दहा

शिरूर,
२२ एप्रिल २०२५

आदरणीय तांबोळी सर,

नमस्कार. मोबाईल हातात असताना पत्र का लिहितेय, असं तुम्ही विचारणार नाही. एम. ए.ला तुमच्याकडे शिकत होते तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, फोनवर माणूस पटकन हो म्हणून मोकळा होतो, कागदावर मात्र त्याला आधी विचार करावा लागतो. मला तुमचं विचार केलेलं उत्तर हवंय.

तृतीय वर्षाचा सार्वजनिक धोरणाचा पेपर मी काढला होता. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष म्हणून तुम्ही तो पाहिलात, त्यावर सही केलीत. त्यातला पाचवा प्रश्न असा होता: ‘गेल्या पाच वर्षांत तुमच्या परिसरावर परिणाम करणारा कोणताही एक शासकीय निर्णय घेऊन त्याचे चिकित्सक परीक्षण करा.’ गुण दहा. तुम्ही हसून म्हणालात, “बरं झालं, याचं उत्तर गाइडात सापडायचं नाही.”

गेल्या आठवड्यात तपासणी केंद्रातून एका उत्तराचा फोटो बाहेर गेला. कुणा परीक्षकाला ते आवडलं असावं, त्याने मित्राला पाठवला, मित्राने गावभर. कवठे येमाईच्या पलीकडच्या कुठल्याशा वस्तीवरची शाळा पट कमी म्हणून बंद केली, त्यावरचं ते उत्तर आहे. त्यातलं एक वाक्य सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय: ‘हा निर्णय घेणारा एकही माणूस वस्तीवर आला नव्हता.’

परवा टीव्हीवर त्याची पट्टी आली. काल शासनाचं पत्र विद्यापीठाला, विद्यापीठाचं कॉलेजला, आणि आज प्राचार्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. “मॅडम, तीन दिवसांत खुलासा द्या. आणि जरा नरमाईनं लिहा.” आरोप काय, तर ‘विद्यार्थ्यांना शासनाविरुद्ध लिहिण्यास प्रवृत्त करणारा प्रश्न विचारणे.’

सर, ‘चिकित्सक परीक्षण’ हे शब्द अभ्यासक्रमातच छापलेले आहेत. मी खुलाशात तेवढंच लिहिणार आहे. तुम्हाला एकच विचारते. मंडळ माझ्यामागे उभं राहील ना?

आपली,
अनुपमा रासकर

•

दौंड,
२६ एप्रिल

चि. अनुपमा हिला आशीर्वाद.

पत्र मिळालं. प्रश्न चांगला होता हे माझं मत बदललेलं नाही. पण प्रश्न चांगला असणं आणि तो या वर्षी विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. वयाने मी मोठा आहे.

खुलाशात ‘दिलगिरी’ हा शब्द घाल. माफी मागू नकोस. दिलगिरी म्हणजे फक्त, तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं. त्याने कोणाचं काही जात नाही आणि समोरच्याच्या फाइलला एक शेवट मिळतो. सरकारी फाइलला शेवट लागतो, न्याय नाही लागत.

मंडळाची काळजी करू नकोस. आम्ही मिळून काहीतरी मार्ग काढू.

इकडे सर्व ठीक. मी तीस जूनला निवृत्त होतो. आमच्या मेहकची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, रोज पाटसवरून जाते-येते, नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मात्र अजून यायची आहे. एवढ्यात येईल म्हणतात.

उन्हाचं सांभाळ.

मेहमूद तांबोळी

•

शिरूर,
३ मे

सर,

मी दिलगिरी लिहिली नाही. चार ओळींचा खुलासा दिला आणि अभ्यासक्रमाचं पान जोडलं.

काल आदेश आला. प्रश्न पाचवा रद्द. त्याची तपासणी थांबवायची. सगळ्यांना उरलेल्या प्रश्नांच्या सरासरीने गुण द्यायचे. माझं नाव तीन वर्षांसाठी पेपर काढणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्या यादीतून काढलंय.

आदेशाला मंडळाच्या सभेचं इतिवृत्त जोडलंय. ‘सदर प्रश्न अनुचित असल्याबाबत मंडळाचे एकमत झाले.’ सभेची तारीख पंचवीस एप्रिल. खाली पाच सह्या. पहिली तुमची आहे. माझ्या प्रत्येक निबंधाखाली ती असायची, मला ती ओळखायला चष्मा लागत नाही.

तुमचं पत्र सव्वीस तारखेचं आहे. म्हणजे सही करून आल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लिहिलंत, मिळून मार्ग काढू.

मी कुलगुरूंकडे अपील करणार आहे. प्राध्यापक संघटनेलाही लिहिलंय. तुम्हाला कळवते ते परवानगीसाठी नाही. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष आहात म्हणून कळवते.

अनुपमा

•

दौंड,
१२ मे

अनुपमा,

नऊ दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. आज लिहितोय.

सही मी केली. कोणी हात धरला नव्हता. सभेत एक गृहस्थ आले होते, मंडळाचे सदस्य नव्हते. त्यांनी चहा घेता घेता विचारलं, “सर, तुमच्या मुलीची मान्यता कुठवर आलीय हो?” एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी पेन काढलं.

आणि दुसरंही आहे, ते तुझ्याशी मी कधी बोललो नाही. आमची चौथी पिढी या दौंडात राहतेय. आजोबा रेल्वेत होते, वडील रेल्वेत होते. तरी तू बोललीस तर त्याचा वाद होतो आणि मी बोललो तर त्याची बातमी होते. अडतीस वर्षं मी वर्गात काय बोलायचं हे आडनाव लक्षात ठेवून ठरवत आलो. ही सबब म्हणून सांगत नाही. तुला खोटं लिहिलं त्याला सबब नाहीच. तुला कळायला हवं म्हणून सांगतो.

आता पुढचं ऐक. शुक्रवारी मला विद्यापीठात पुन्हा बोलावलं. प्रश्न रद्द झाला तेवढ्यावर भागलेलं नाही. पाचव्या प्रश्नात ‘शासनाविरुद्ध आक्षेपार्ह मजकूर’ लिहिणाऱ्या उत्तरपत्रिका वेगळ्या काढायच्या आणि त्यांच्या बारकोडची यादी पंधरा दिवसांत द्यायची. बारकोड दिला की पाच मिनिटांत बैठक क्रमांक निघतो, आणि बैठक क्रमांकावरून पोराचं नाव. यादी मंडळाच्या अध्यक्षाने, म्हणजे मी, करायची.

तीन दिवस केंद्रात बसून वाचतोय. तीनशे अठरा उत्तरं आहेत. एकाने रेशनच्या अंगठ्यावर लिहिलंय. आजीने आयुष्यभर शेतात भांगलण-खुरपण केली, अंगठ्यावर रेघाच उरल्या नाहीत, मशीन तिला ओळखत नाही. एकीने बायकांच्या अर्ध्या तिकिटावर लिहिलंय. निर्णय फार चांगला, त्यामुळेच माझं कॉलेज पुरं झालं, असं दीड पान. मग खाली दोन ओळी, की आता गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा गाड्या वाढवा. सांग, हे विरुद्ध की बाजूने? ही कुठल्या गठ्ठ्यात टाकू? एकाने नुसतं पुस्तकातलं भाषण उतरवलंय, त्याच्यावर मात्र कोणाचाच आक्षेप असणार नाही.

मी अजून एकही वेगळी काढलेली नाही. काय करणार ते माहीत नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

मेहमूद तांबोळी

•

शिरूर,
१६ मे

सर,

राग गेलेला नाही, पण तो बाजूला ठेवून लिहितेय, कारण काल जे घडलं ते तुम्हाला कळायला हवं.

दुपारी एक मुलगी घरी आली. बरोबर वडील. तिचं नाव लिहीत नाही, तुम्ही परीक्षक आहात. तो फोटो तिच्याच उत्तराचा. माझ्या कॉलेजची नाही, मी तिला याआधी कधी पाहिलेलंही नव्हतं. कुणाला तरी विचारत विचारत शिरूरच्या स्टँडवरून चालत आली होती.

मला वाटलं, भांडायला आलीत. तुमच्या प्रश्नापायी आमच्या पोरीचं काय होऊन बसलं, असं म्हणतील. मी पाणी दिलं आणि ऐकायची तयारी करून बसले.

वडील म्हणाले, “म्याडम, सोमवारी घरी एक साहेब आलता, वस्तीवरची कालेजात जानारी पोर कोन, असं इचारत. म्हणला, पोरीनं दुसऱ्याचं बघून लिव्हलं असं कागदावर लिहून द्या, म्हंजी विषय मिटंल. न्हाईतर पुढं नोकरीच्या टायमाला नाव निघंल.”

“मग?”

“मी म्हणलं, विचारून सांगतो. पोरीला विचारलं तर ही पेटलीच.”

मुलगी तोवर खाली बघत होती. एकदम म्हणाली, “शाळा आमची. बंद झाली तवा माझा भाव चवथीत व्हता. मी कुनाचं बघून लिव्हीन?”

मी तिला समजावलं की कागद लिहून देऊ नका, कॉपीचा आरोप असा घरी येऊन कोणी करत नसतं, त्याची वेगळी पद्धत असते. वडिलांनी मान हलवली. उठायची वेळ झाली तरी मुलगी उठेना. म्हणाली, “म्याडम, एक इचारू?”

“विचार ना.”

“माझ्या उत्तराला धापैकी किती पडले?”

मी सांगितलं की प्रश्न रद्द झालाय, सगळ्यांना सरासरी मिळेल. ती म्हणाली, “सरासरी नगं. टीव्हीवाले म्हनले लई भारी. साहेब म्हनला लई वाईट. तपासलं कुनी?”

मंत्रालयाने ते वाचलं, विद्यापीठाने वाचलं, टीव्हीने वाचलं, मी वाचलं. तिला गुण मात्र कोणी दिलेले नाहीत.

तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. मेहकची मान्यता माझ्या हातात नाही, आणि तुमच्या आडनावाचं ओझं मी कधी उचललेलं नाही. वर्गात पुढच्या बाकावर बसून दोन वर्षं मला ते दिसलं नाही, याची मला लाज वाटली.

अपील दाखल केलंय. संघटनेच्या सभेला बावीस जण आले. पन्नास येतील असं वाटलं होतं.

आपली,
अनुपमा

•

दौंड,
२४ मे

चि. अनुपमा,

यादीची मुदत आज संपली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घरी मेहकला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तोवर तिला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “अब्बा, माझ्या मान्यतेसाठी तुम्ही पोरांची नावं दिलीत, तर त्या मान्यतेवर मी कुठल्या तोंडाने शिकवू?” मग म्हणाली, “पण मला भीती वाटते.” मी म्हटलं, मलाही वाटते. दोघांनी मिळून जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी मी सहाही परीक्षकांना निरोप दिला, की पाचवा प्रश्न तपासायचा आहे, या. चौघे आले. त्यांतली पाटसची नीलम दारातच उभी राहिली. म्हणाली, “सर, तपासणी थांबवायचं पत्र तुमच्या सहीचं आहे. चालू करायचं पत्रही तुमच्याच सहीचं द्या. तोंडी मी लाल पेन उघडणार नाही.” बरोबर बोलली. मी तिथेच लिहून दिलं आणि प्रत्येकाला प्रत दिली. एक जण प्रत वाचून परत गेला. त्याला मी दोष देत नाही, महिन्यापूर्वी मीही गेलोच होतो.

माझ्यासकट उरलो चौघे. चार दिवसांत तीनशे अठरा उत्तरं तपासली. शाळा बंद होण्यावर एकूण अकरा उत्तरं निघाली. त्यांतली बहुतेक माझ्याच गठ्ठ्यात आली, आणि फोटोतलं ते उत्तरही. ते कोणाचं हे मला माहीत नाही, शोधलंही नाही. तुझ्याकडे आलेल्या मुलीला सांग, तपासलंय. किती पडले ते निकालात कळेल, त्याआधी मी तुला सांगणार नाही आणि तूही विचारू नकोस.

आज विद्यापीठाला एक लखोटा दिला. त्यात दोन कागद आहेत. पहिला, तीनशे अठरा उत्तरांची गुणपत्रिका, चार सह्यांची. दुसरा माझा एकट्याचा. त्यातला मजकूर तुला उतरवून देतो:

‘दि. २५ एप्रिलच्या सभेतील माझी संमती मी मागे घेत आहे. ती मी प्रश्नाचा विचार करून दिली नव्हती, भीतीने दिली होती. प्रश्न अभ्यासक्रमाला धरून आहे. त्याची उत्तरे मंडळाने तपासली असून त्यांत आक्षेपार्ह असे काही आढळले नाही. काही उत्तरे चुकीची आहेत, त्यांचे गुण कापले आहेत. चुकीच्या उत्तरावर करावयाची कारवाई विद्यापीठाच्या नियमांत एवढीच आहे. बारकोडची यादी मी करणार नाही.’

लखोटा घेणाऱ्या क्लार्कने विचारलं, “सर, पोच पाहिजे का?” मी म्हटलं, शिक्क्यासकट.

तुझा,
मेहमूद तांबोळी

•

दौंड,
१ जुलै

चि. अनुपमा,

काल निवृत्त झालो. निरोप समारंभ झाला नाही. प्राचार्य म्हणाले, सध्या नको सर, पुढे बघू. शिपाई पोपटने स्टाफरूममध्ये सगळ्यांना भेळ खाऊ घातली, तोच समारंभ.

चौकशी समितीपुढे दोनदा जाऊन आलो. तिघे होते. तुला हकीकत सांगतो, कारण अपिलाच्या सुनावणीत तुलाही याच खुर्चीवर बसायचं आहे.

पहिल्यांदा नुसतं सौम्य चाललं होतं. मग एकाने फोटोची प्रत पुढे सरकवली. “हे उत्तर कोणत्या विद्यार्थ्याचं आहे?”

“माहीत नाही.”

“शोधता येईल?”

“येईल.”

“मग शोधा.”

“शोधणार नाही.”

“अवज्ञा होईल ही.”

“होय. तसं इतिवृत्तात लिहा, मी वाचून सही करतो. या वेळी मात्र वाचून.”

मधल्या बाई गुणपत्रिका चाळत होत्या. मी उठताना त्यांनी विचारलं, “सर, खरंच सगळी तीनशे अठरा तपासलीत?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “दिसतंय. एकाला शून्यही आहे.” मी म्हटलं, त्याने प्रश्नच उतरवून काढला होता.

माझे पेन्शनचे काही कागद अडकतील असं दिसतंय. मेहकची मान्यता आलेली नाही. तिचं कॉलेज तिला सध्या तासिका तत्त्वावर ठेवतंय. ती रोज जाते आणि शिकवते. परवा मला म्हणाली, तुमचा पाचवा प्रश्न मी चाचणीला दिला. मला आनंद झाला होता, आणि भीतीही वाटली होती.

तू सुनावणीला एकटी जाऊ नकोस. नीलम येते म्हणाली आहे. मी तर येणारच. आता मला रजा मागावी लागत नाही.

मेहमूद तांबोळी

•

शिरूर,
१९ जुलै

आदरणीय सर,

निकाल लागला. तुम्हाला कळलं असेलच. विद्यापीठाने एका ओळीचं परिपत्रक काढलं: ‘प्रश्न क्र. ५ चे मूळ गुण ग्राह्य धरण्यात येत आहेत.’ कारण नाही, खंत नाही. तुमच्यानंतर मंडळातल्या आणखी दोघांनी संमती मागे घेतली, पाचातले तिघे फिरले, आणि निकाल आणखी लांबवला असता तर पुढच्या प्रवेशांची बोंब झाली असती. यादी कोणी केली नाही. तुमच्यानंतर ज्यांना विचारलं त्या दोघांनीही नाही म्हटलं. त्यातला एक तुमची प्रत वाचून परत गेलेला परीक्षक होता.

माझी तीन वर्षांची बंदी कायम आहे. सुनावणी अकरा ऑगस्टला. मी अपील मागे घेणार नाही. बंदी उठेपर्यंत पेपर काढता येत नसेल, पण वर्गात प्रश्न विचारायला कोणाची यादी लागत नाही. दर शनिवारी एक तास मी त्यासाठीच ठेवलाय. पहिल्या शनिवारी नऊ जण होते, आज सव्वीस.

आता निकाल लागलाय म्हणून नाव लिहिते. ती मुलगी म्हणजे दीक्षा, आणि वडील रोहिदास. कागद त्यांनी लिहून दिला नाही. साहेब पुन्हा आला नाही.

दीक्षा पेढे घेऊन येईल असं मला वाटलं होतं. परवा आली ती उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत घेऊन. रीतसर अर्ज करून मागवलेली. समोर बसली आणि पान उघडून माझ्यापुढे धरलं.

“सहा,” म्हणाली. “सहाच!”

तुमचं लाल अक्षर मी लगेच ओळखलं. ‘मांडणी स्वच्छ. शासनाची अडचण एका वाक्यात तरी यायला हवी होती.’ हे तिला मान्य आहे, विचारलं तर म्हणाली, व्हय, ते राहिलं माझं. भांडण आहे ते खालच्या शेऱ्यावर. तिने लिहिलंय, नवी शाळा साडेतीन किलोमीटर लांब आहे, मधे ओढा आहे. तुम्ही शेजारी लिहिलंय, ‘अंतर कोणी मोजले? आधार नाही.’ आणि दोन गुण कापलेत.

“मी मोजलंय,” ती म्हणाली. “भावाच्या सायकलच्या चाकाला चिंधी बांधली, चाकाचा घेर मोजला आन् शाळेपत्तूर फेरे मोजत गेले. सगळं लिव्हलंय. हितं बघा.”

पुरवणी होती, सर. दोऱ्याने बांधलेली, एका पानाची. त्यावर चाकाचा घेर, फेऱ्यांची संख्या, गुणाकार, सगळं आहे. लाल शाईचा एकही ठिपका त्या पानावर नाही.

मी हसले. तिला राग आला. मग मी तिला सांगितलं, की हे ज्यांनी तपासलंय त्यांनी तुझं उत्तर तपासता यावं म्हणून बरंच काही सोसलंय. तिने शांतपणे ऐकून घेतलं. डोळे जरा भरले. म्हणाली, “लई मोठा मानूस हाय. भेटायला जाईन मी त्यांला.” आणि मग, “पन पुरवणी बघायला पायजे व्हती का नको?”

पायजे व्हती, मी म्हटलं.

तेव्हा सर, तुम्हाला आधीच कळवते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज जातोय, आणि तो भरायला मीच तिच्याशेजारी बसले होते. ‘कारण’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘परीक्षकांनी पुरवणी तपासलेली दिसत नाही.’

मी म्हटलं, “‘दिसत नाही’ कशाला? सरळ लिही, तपासली नाही.”

तिने पेन उचललं, विचार केला आणि परत ठेवलं. “न्हाई म्याडम,” म्हणाली. “कागदावर लाल खूण न्हाई एवढंच मला म्हाईत हाय. त्यांनी बघितलं का न्हाई, ते मी कसं लिहू?”

अर्ज आज पोस्टात पडला.

आपली,
अनुपमा